ओला दोरा

शिकलगार सर म्हणायचे, दोरा आधी ओला करा,
कोरडा दोरा वळणं ऐकत नाही.
मग आम्ही गोधडीचा पांढरा दोरा
बाटलीतल्या पाण्यात, नाहीतर सरळ तोंडात भिजवून
नाईलवर अंथरत जायचो,
नखानं दाबत, इंचाइंचानं,
व्हिक्टोरिया सरोवरापासून खाली.
"खाली नव्हे रे, उत्तरेला.
नकाशात वर म्हणजे चढ नव्हे."
हे वाक्य सहावीच्या वर्षात निदान चाळीस वेळा.

शुक्रवार पेठेतली शाळा, तालमीच्या पाठीमागं.
खिडकीतून हौद्यातल्या मातीचा वास, मधूनच शड्डू,
आणि फळ्याशेजारी दोन खिळ्यांवर
कापडी जग.

नाईल सहा हजार सहाशे पन्नास.
ॲमेझॉन थोडी कमी, पण त्यावर अजून भांडण आहे, सर म्हणत,
उगम कुठला धरायचा
हे कुणाचंच कुणाला पटत नाही.
मग यांगत्से, मिसिसिपी, येनिसेई.
येनिसेई आली की उज्ज्वला गवळी ओढणीत तोंड घालून हसायची,
तिनं म्हशीला तेच नाव ठेवलं होतं.
रोज पहाटे गंगावेशीत
येनिसेईच्या कासेशी माणसं ग्लास घेऊन उभी,
फेसाची वाट बघत.

"आणि आपली कुठं हाय, सर?"
दस्तगीर मुजावरनं विचारलं एकदा.
सरांनी चष्मा कपाळावर ढकलला, पेन्सिल काढली,
अरबी समुद्राच्या जरा अलीकडं टोक टेकवलं.
"ह्या ठिपक्याखाली. सगळी.
कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती,
न दिसणारी सरस्वती,
चिखलीपासून नरसोबाच्या वाडीपर्यंत.
दोरा नको लावूस.
दोऱ्याची गाठच मोठी होईल."

वर्ग हसला. दस्तगीर नाही.
त्याचा बाप राजाराम बंधाऱ्यावर पाणी वाचायचा,
पावसाळ्यात तासातासाला, रात्री बॅटरी मारून.
लांबी त्याच्या वहीत कुठंच नव्हती.
फूट आणि इंच. उभे.

त्या ऑगस्टात पुलाची मच्छिंद्री बुडाली,
मग मच्छिंद्रीबद्दल बोलणंही थांबलं.
एकोणचाळीस. त्रेचाळीस. पन्नास.
आता बापाच्या जागी दस्तगीर होता;
त्याचा मेसेज यायचा नुसत्या आकड्याचा,
शेवटी शेवटी तर आकड्यानंतर पूर्णविरामसुद्धा नाही.
पंचावन्न
आणि त्यापुढं दोन दिवस काहीच नाही.

पाणी उतरल्यावर शाळा धुवायला गेलो, आम्ही जुने सात-आठ जण.
बाकांवर बोटभर गाळ, खडूच्या खोक्यात एक मेलेला खेकडा.
जग अजून खिळ्यांवर होतं.
चिखलाची रेघ सरळ, पट्टीनं ओढल्यासारखी,
कैरोवरून, शांघायच्या डोक्यावरून.
तिच्याखाली नाईल उगमापासून मुखापर्यंत गेलेली,
ॲमेझॉन फुगून ब्राझीलभर पसरलेली,
निळा रंग हिरव्यात, हिरवा पिवळ्यात.
पेन्सिलीचा ठिपका शोधला. अर्थात सापडला नाही.

"येनिसेई तेवढी कोरडी राहिली," मी म्हणालो.
उज्ज्वला काही बोलली नाही. म्हैस जाऊन वर्षं झाली होती,
पण ह्या खेपेला गोठ्यातल्या दुसऱ्या तीन
दावी कापून सोडल्या होत्या तिनं, अंधारात,
आणि एकच परत आली होती.

दस्तगीरनं खिशातून टेप काढला.
एक टोक मला फरशीवर धरायला लावलं,
दुसरं नेलं रेघेपर्यंत, टाचा उंचावून.
"सात फूट दोन इंच."
भिंतीवर लिहिलं, खाली तारीख, खाली सही,
बाप करायचा तशी, मोडी वळणाची.
मग हात झटकून म्हणाला,
सरांना दाखवायला पाहिजे होतं.

सर तिकडं सांगलीला, लेकीकडं. ऐकू कमी येतं.
फोनवर दोनदा ओरडून सांगितलं तेव्हा म्हणाले,
"ओला आहे ना अजून? मग हात लावू नका,
ताणलात तर अंतरं बदलतील."

उज्ज्वला म्हणते धुऊन टाकू, पोरांना वास येतो.
दस्तगीर म्हणतो राहू दे.
बादली दारात भरून ठेवली आहे.
भांडण अजून मिटलेलं नाही.