गाडी ठेवून जा

तळेगाव फाट्यावर दुपारी दोन वाजता
गाडी अगदी शहाण्यासारखी उभी राहिली.
झिबलरावांनी बॉनेट उघडलंसुद्धा नाही.
"इथवर येईस्तोवर तापली ते," म्हणाले,
"आता तिले काय इचारू?
तापल्यावर साऱ्याच गाड्या खोटं बोलतात.
ठेवून जा. पहाटे ये."

मी सांगत होतो, माझी लाईन पाचची असते,
मागची सीट काढून टोस्टचे ट्रे लावलेत,
आर्वीच्या भट्टीपासून खरांगण्यापर्यंत अकरा गावं,
अकरा दुकानांत पाव मोजून द्यायचे.
आणि तीन आठवडे झाले,
पहिला स्टार्ट, दोन श्वास, बंद.
दुसरा स्टार्ट, एक गचका, बंद.
तिसऱ्यापर्यंत गल्लीतली कुत्री जागी,
समोरच्या शेवंताबाई खिडकीतून आकडा पुकारतात
जणू मी लिलावात उभा आहे.
चोक ओढून धरला तर धरते कशीबशी,
पण स्टिअरिंग हातात असं थरथरतं
जसे हिव भरलेल्या माणसाचे दात.

पुलगावच्याने प्लग बदलले.
आर्वीच्याने पॉइंट, कंडेन्सर, आणि बिलावर एक ओळ: 'इतर'.
एकाने कार्बोरेटर रात्रभर रॉकेलात भिजवला.
साडूने बॅटरी बदलायला लावली,
सासूने डॅशबोर्डवरचा गणपती.
झिबलराव ऐकत होते, किंवा नव्हते.
"पहाटे," एवढंच.

पावणेपाचला गेलो तर बॉनेटवर दव,
दवात मांजराची चार पावलं.
झिबलराव मफलरात, कानावर न पेटवलेली विडी.
"लाव."
लावली. दोन श्वास, बंद.
बंद पडली म्हणून मला पहिल्यांदाच
बरं वाटलं.
"हं. आता खरं बोलली."

चोकवर धरून ठेवायला लावली. एअर फिल्टरच्या झाकणावर
काठोकाठ पाण्याची वाटी ठेवली,
आणि हाताला चिंधी गुंडाळून
एकेका प्लगची वायर उपसली.
पहिली. पाणी उसळलं.
दुसरी. उसळलं.
तिसरी. वाटीच सरकली.
"तिघंही कामावर हायेत. कोनी दांडी नाइ मारली.
मंग हजेरी कोन खाऊन रायलं?"

मग गॅसच्या शेगडीचा जुना पाइप, हातभर,
एक टोक स्वतःच्या कानात,
दुसरं इंजिनाच्या सांदीसांदीतून फिरत फिरत
कार्बोरेटरच्या बुडाशी थांबलं.
काही न बोलता कानातलं टोक माझ्या हातात दिलं.

स्स्स.
सुपातलं फोल फुंकावं,
तसं कुणीतरी आत, दातांच्या फटीतून.

करंगळीएवढा काळा रबरी पाइप.
त्यांनी वाकवला तशी त्याला भेग फाकली.
"चोरून हवा पेते इथून."
भेगेवर अंगठा ठेवला
आणि वाटीतल्या पाण्यात
टपरीचा बल्ब दिसायला लागला, अख्खा, न तुटता.

"थंडीत रबर आखडते, भेग उघडते.
तापली का फुगते, बुजून जाते.
दुपारी आणून दाखवशीन तं कोनाले दिसन?"

दुपारीच न्यायचो मी. चौघांकडेही दुपारीच.
पाव वाटून, हिशेब करून, वेळ मिळाल्यावर.

अर्धा फूट पाइप, दोन क्लिपा, तीस रुपये.
शंभर दिले, सत्तर मोजून परत आले.
ट्रेमधले दोन पाव मात्र ठेवून घेतले,
चहात बुडवून म्हणाले, "कालचे हायेत."
कालचेच होते.

मी चोक आत ढकलला.
आणि आवाज गेला.
पुन्हा मेली, असं समजून चावी फिरवली,
तर स्टार्टर असा किंचाळला
की टिनावरचे कावळे उडाले.
झिबलराव मागे वळलेही नाहीत, तोंडात पाव,
"चालूच हाये ना, बाप्पा."