अ‍ॅक्वा लाइन

त्रिमूर्तीनगरच्या दवाखान्यात हेडाऊ सरांनी समुद्र ठेवला
आणि त्याला पाणी घालायचं काम माझ्याकडे आलं.
लिटरमागे पस्तीस ग्रॅम मीठ, काट्यावर मोजून.
खरा समुद्र मी पाहिलेला नाही.
माझा चार फूट बाय दीड,
मे महिन्यात त्याला चिलर, आम्हाला कूलर,
आणि समोर गाल धरून बसलेले पेशंट.

जिवंत दगड चेन्नईहून आला
थर्माकोलच्या डब्यात, ओल्या तमिळ पेपरात गुंडाळलेला.
मीच सोडवला.
फटीत काहीतरी होतं, मुगाएवढं, तपकिरी.
घाण असेल म्हणून बोट लावलं, तर आत गेलं.
घाण अशी लाजत नाही,
हे मला तेव्हाच सुचायला पाहिजे होतं.

आठवड्याने ते उमललं. काचेसारखा देठ,
वर पन्नासेक बारीक बोटं.
"कुंदा, फुकटात फूल आलं बघ!"
सरांनी चिमट्यानं कोळंबीचा तुकडा भरवला,
मंगळवारी बाजारातून मलाच आणायला लावलेली.
श्रावण होता. सर स्वतः अंडंही खात नव्हते.

गणपतीपर्यंत अकरा झाली.
दगडामागे, काचेवर, पंपाच्या तोंडात.
शेजारच्या महागड्या कोरलला चटके देऊन देऊन
त्यांनी मिटवून टाकलं.
मग कुठून तरी नाव कळलं, एप्टेशिया.
सरांनी ते हळू आवाजात सांगितलं,
पेशंटला पायोरिया सांगतात तसं.

रात्री दवाखाना बंद करून स्केलर घेतला,
साडेनऊपर्यंत खरवडून राहिले.
मी म्हटलं, सर, मूळ राहिलं तर?
बावीस वर्षं ट्रे धरून उभी आहे मी,
तुटलेल्या दाढेचं टोक हाडात राहिलं की काय होते, माहीत आहे.
पण दाढ नुसती दुखते.
हे पुढे सरकताना तळव्याचा कण मागे सोडते
आणि तो कण दहा दिवसांत
आपली बोटं मोजायला लागते.
जिथं जिथं खरवडलं
तिथं तिथं पोरं.

शेवटी चुना.
पानठेल्यावरचा रामटेके म्हणाला,
"बाई, तुम्ही कधीपासून खर्रा?"
रूट कॅनालच्या सुईनं एकेकाच्या तोंडात थेंब.
घास समजून गिळायचं,
मग आक्रसायचं, विरघळायचं.
मला बरं नाही वाटलं.
तोंड उघडायला आम्हीच तर शिकवलं होतं त्याला.

परवा सरांनी एक दगड काढला.
वर्धमाननगरच्या चांडक मॅडमनी नवी टाकी घेतली, त्यांना भेट.
मी उलटा करून पाहिला. खालच्या भोकात
एक टिंब, मिटलेलं.
"सर, आहे."
"दिसून तर नाही राहिलं काही."
एक्स-रेशिवाय साधा दात भरत नाही हा माणूस.

सुभाषनगर स्टेशनला गार्डनं बादली अडवली.
काय आहे?
गोटा.
अन् पाणी?
त्याचंच आहे.
त्यानं झाकण काढून वास घेतला, थोडा वेळ काहीच बोलला नाही,
मग म्हणाला, जा.
सीताबर्डीला गर्दी चढली. एका पोराचा बूट
बादलीला लागून होता. पाणी हिंदकळलं.
गावात समुद्र नाही आणि गाडीचं नाव अ‍ॅक्वा लाइन,
एरवी मला हसू येते.

वैष्णोदेवी चौकात उतरले. मॅडमचं घर
पाच मिनिटांवर.
पर्समध्ये सुई होती, चुना भरलेली, टोपण लावलेली,
सरांना न सांगता घेतलेली.
झाकण काढलं तर ते अजून मिटूनच,
धक्के खाऊन घट्ट झालेलं.
मिटलेल्याच्या तोंडात सुई जात नाही.

बादली घेऊन जिन्याच्या कडेला बसले.
माणसं वरून खाली, खालून वर.
एक बाई थांबून म्हणाली, मासे विकता का?
मी मान हलवली,
आणि पाण्यावर वाकून, सकाळी दहापासून जे म्हणत असते
तेच म्हटलं,
आ करा.