ऐंशीचा कागद

पहिल्यांदा ऐंशीचा कागद.
त्यानं दयामाया करायची नसते.
उद्यमबागेत बावीस वर्षं कास्टिंग घासलेल्या हाताला
हे सांगावं लागत नाही.

अंगणात पोत्यावर चारी चाकं उताणी.
जुना टूथब्रश, भांड्याचा साबण, बादलीत
ब्रेकची काळी भुकटी.
चंदेरी सालपट गेलं की करडं,
करड्याखाली पिवळसर,
आणि त्याच्याही खाली ॲल्युमिनियम,
नुकत्या चिरलेल्या मुळ्यासारखं.

एका आऱ्याच्या पाठीला टाचणीच्या डोक्याएवढं भोक.
हा रस्त्याचा मार नव्हे.
ओततानाच हवा अडकली असणार.
आमच्याकडं असता
तर खडूची फुली मारून मी बाजूला टाकला असता.
पास करणारा
शिफ्ट सुटायच्या घाईत असेल.
लांबी भरतो, अंगठ्यानं दाबून.

शोधत होतो ते वेगळंच.
गाडी पहिल्यांदा घरी आणताना
हत्तरगीच्या टोलनाक्याला भरमाण्णानं
डिवायडरला चाक घासलं होतं.
"गेले बघ गा आठशे रुपये," म्हणाला,
आणि इतका हसला, की मागच्यांचे हॉर्न
दोघांनाही ऐकू आले नाहीत.
गाडी निम्मी त्याची होती तेव्हा.
आता वाटणीत माझी,
आणि तो अनगोळच्या त्याच गल्लीत
चार दारं सोडून.

डावं पुढचं. बोटभर चीर, विळ्यासारखी वाकडी.
तेवढी ठेवायची, असं मनाशी धरलं होतं.
पण चारी चाकांना चिरा, आणि सगळ्याच वाकड्या.
मल्लिकार्जुन पंक्चरवाल्याला विचारलं.
"दर पाच हजाराला फिरवूलालोय की मी,
पुढचं मागं, डावं उजवं.
आता कुठलं कुठं, काय सांगू?"

मग चारशेचा कागद.
मग आठशेचा, पाण्यातनं.

टायर काढलेले नाहीत, नुसती हवा सोडलीय.
रबराच्या आणि रिमच्या फटीत पत्ते खोचायचे,
म्हणजे रंग रबराला लागत नाही.
एका चाकाला एक कॅट बरोब्बर पुरतो.
आमचा कॅट रात्रपाळीचा, मेंढीकोटचा, तेलकट.
त्यात एक्कावन्नच.
किलवरची मेंढी भरमाण्णानं एकदा लपवली
ती कुठं, हे शेवटपर्यंत सांगितलं नाही.

चौकटची राणी चंदेरी झाली. गुलाम झाले.
एका जागी फट उरली,
तिथं मी बोट धरलं.
चारी चाकांना तेच, चारी वेळा,
प्राइमरला, रंगाला, वरच्या चकाकीला.

चाकं सुकली. एकाला चिलट चिकटलं, असू दे.
नखाचा रंग काही निघेना,
रॉकेलनं नाही, थिनरनं नाही.

सोमवारी पलीकडच्या ग्राइंडरवरनं
भरमाण्णानं ते नख बघितलं.
चष्मा कपाळावर घेतला.
परत डोळ्यांवर ओढला,
आणि ठिणग्या सुरू झाल्या.