शेंडेफळ

मी सम्राट झालो तेव्हा
तिस्सा नावाच्या चंद्रावर
खाऱ्या पाण्याच्या पंपाखाली उताणा पडून
एक नट बसवत होतो.
बसत नव्हता.
होल्मा वरून ओरडत होती: उलटा फिरव, येड्या, उलटा.

हे मागाहून, हिशेब करून कळलं.
शेवटच्या निरोपतळाच्या पुढे
आमच्यासाठी कुणी यंत्र बसवलं नव्हतं.
तिथून बातमी उजेडाच्या पायांनी यायची,
नव्व्याण्णव दिवस.
तेवढ्या दिवसांत चार हजार सूर्यांचा धनी
मिठाच्या वाटपावरून भांडला,
सोंगट्यांत हरला,
होल्माचं दोन दिवसांचं रेशन देणं लागला,
आणि एकदा तापानं फणफणला तेव्हा
कुठल्याही ग्रहावर घंटा वाजली नाही.

आम्ही तिघे.
सोरेव्ह राज्यासाठी जन्मला होता,
आंद्रिल, सोरेव्हला काही झालं तर, यासाठी.
मी कशासाठी, असं विचारलं की आई हसायची
आणि माझ्या ताटात आणखी एक गोड वडी पडायची.
शेंडेफळ.
अगदी टोकाला लागतं.
कुणी दगड मारत नाही,
कुणी तोडायलाही चढत नाही.

सोरेव्ह गेला तो युद्धात नाही.
गोदीत जहाजाचं झाकण नीट लागलं नव्हतं, एवढंच.
आंद्रिलनं सहा दिवस राज्य केलं.
टांकसाळीत त्याचा चेहरा
कपाळापासून नाकापर्यंत कोरून झाला होता
आणि निरोप गेला, थांबा.
काय घडलं ते मला तिघांनी तीन तऱ्हांनी सांगितलं.
ते अर्धवट नाणं माझ्या खिशात आहे.
चाचपलं की बोटाला भिवई लागते,
लहानपणी खोटं बोलताना वर जायची, तीच.

राजवस्त्र सोरेव्हच्या मापाचं.
शिंपी ओठांत टाचण्या धरून माझ्याभोवती फिरला,
खांद्यात चार बोटं मुडपली,
म्हणाला, कापत नाही, महाराज, आत दुमडून ठेवतो.
वाढत्या अंगाचं असू दे.
मी एकोणचाळीस वर्षांचा आहे.

पहिल्याच सकाळी माद्रेकनं दप्तर मांडलं.
बंडं, दोन.
एक सूर्य विझायला आलेला, त्याच्या ग्रहांची विचारणा, आम्ही कुठे जावं.
एक लग्न, ज्यातला नवरा मी होतो.
आणि अगदी तळाशी, पिवळ्या फितीत बांधलेलं,
माझंच अक्षर:
तिस्सा येथे निरोपयंत्र बसवून मिळण्याबाबत.
सात वर्षांपूर्वीचा अर्ज.
कोपऱ्यात सोरेव्हचा तिरका शेरा,
धाकट्याला म्हणावं, घाई काय आहे.
त्याखाली माद्रेकचा, आजच्या तारखेचा:
अर्जदार सदर ठिकाणी राहत नसल्याने
अर्ज निकाली काढावा.

मी हसलो.
मग ते हसू कुठे थांबवायचं कळेना,
आणि माद्रेकनं रीत म्हणून
भिंतीकडे तोंड केलं.

मंजूर, असं लिहिलं.
शिक्क्याची अंगठी सैल होते, आतून दोरा गुंडाळलाय,
तरी ठसा वाकडाच उमटला.
हुकूम निघाला. शेवटच्या तळापासून तोही चालतच जाणार,
मग यंत्र, मग ते बसवणारे,
मग होल्माच्या शिव्या, हे आत्ता सुचलं का म्हणून.

यंत्रावरून जायचा पहिला निरोप मी लिहून ठेवला आहे.
माद्रेकला वाटतं ती सांकेतिक भाषा असावी;
उकलायला त्यानं दोन जाणकार बसवलेत, रात्रपाळीत.
एवढंच आहे त्यात:
उलटा फिरवला.
बसला.