एक मिनिट विश्रांती

मंगळवारी खोकं येतं.
सहा जेवणं, चार बर्फाच्या पिशव्या
आणि एक कार्ड, ज्यावर शेफ हसतोय
हाताची घडी घालून,
निवडणुकीला उभे राहिलेले लोक हसतात तसा.

मी डुलुथच्या उचलपुलावर असतो.
जहाज आलं की पूल वर, गेलं की खाली.
मधल्या वेळात जेवण.
एकवीस वर्षं मी इथे सूपचा डबा फोडला,
टोमॅटोचा, कधी वाटाण्याचा.
यंदा डॉक्टरीणबाई रक्ताचा कागद वाचून
नुसत्या "मिस्टर कोस्केला" म्हणाल्या
आणि थांबल्या.
मग मुलीनं फोनवरून हे लावून दिलं.
पहिल्या आठवड्याला निम्मे पैसे.

बुधवारी मिसो लावलेला सामन, खाली काळा भात.
गुरुवारी मोरोक्को पद्धतीची कोंबडी, जर्दाळूसकट.
माझ्या आईनं आयुष्यभर
मसाला म्हणून एकच गोष्ट वापरली:
कांदा.

लव्हॉन समोर बसते, बटणांच्या फळीपलीकडे.
राय ब्रेड, धुरी दिलेला मासा, मेणकागद.
कागदाची घडी करून पुन्हा पिशवीत, उद्यासाठी.
माझ्या ट्रेमध्ये डोकावून म्हणाली,
हे हिरवं काय?
मी कार्ड वाचून सांगितलं.
आणि त्याच्या खालचं हिरवं?
त्याबद्दल कार्डात काही नव्हतं.

झाकणावर लिहिलंय:
वरच्या पापुद्र्याला काट्यानं तीन भोकं पाडा.
दोन मिनिटं गरम करा.
मग जेवणाला एक मिनिट विश्रांती द्या.
लव्हॉन म्हणाली, द्यायलाच हवी,
शिकागोहून आलंय बिचारं.

नेमका त्याच मिनिटात भोंगा.
लांब, आखूड, लांब, आखूड.
भरल्या ताटावरून उठू नये हे खरं,
पण समोरून तीनशे मीटर लोखंड येत होतं
आणि पाण्यावर ब्रेक लागत नाहीत.

घंटा वाजली, फाटकं पडली,
गाड्यांतले लोक आपापल्या फोनमध्ये उतरले.
पूल चढला.
जहाज आमच्या खालून सरकत राहिलं,
खनिजाची तांबडी धूळ, बंद झाकणांची रांग, आणखी झाकणं,
आणि अगदी मागे, शेपटाशी,
एक दार उघडलं.
एप्रन बांधलेली बाई बाहेर आली, हातात टोप.
कठड्याशी उभ्या पोराला तिनं डाव पुढे केला.
नोव्हेंबरचा वारा, वाफ आडवी पळत होती.
त्यानं चाखलं. मान तिरकी केली.
चिमूट दाखवली, दोन बोटांची.
ती आत गेली.
मीठ घेऊन परत आली का,
ते दिसलं नाही.
तोवर जहाज सरोवराचं झालं होतं.

माझ्या कोंबडीला एकोणीस मिनिटं विश्रांती मिळाली.
थंड, तरी चांगली. मीठ अगदी बरोबर.
लेबलच्या कोपऱ्यात पेनानं दोन अक्षरं, बी. के.
कार्डावरच्या हसऱ्याचं नाव तर वेगळंच होतं.
रात्री फोननं विचारलं, किती तारे?
मी चार दिले
आणि खाली लिहिलं:
जर्दाळू छान होते, बी. के. यांना कळवा.
उत्तर माझं बोट उचलायच्या आत आलं.
धन्यवाद वेंडेल, तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे.

पुढच्या मंगळवारी लेबलवर एम.
त्याच्या पुढच्या, काहीच नाही.

बर्फाच्या पिशव्या साठत गेल्या.
फेकवत नाहीत, चांगल्या असतात.
फ्रीझरमध्ये आता त्याच आहेत, शिस्तीत झोपलेल्या,
कुठल्यातरी मोठ्या सुजेची वाट बघत.
आठ लव्हॉन घेऊन गेली
भावाच्या गुडघ्यासाठी.
दुसऱ्या दिवशी मेणकागद माझ्याकडे सरकवला,
आत अर्धा ब्रेड, अर्धा मासा.
मी खात होतो
आणि ती खिडकीकडे बघायचं सोडून
माझ्या जबड्याकडे बघत होती.

मीठ? तिनं विचारलं.

जास्त आहे, म्हणालो,
आणि संपवलं.