धर्मकाटा

आग्रा रस्त्याला, पुरानी छावणी सोडली की डावीकडे
आमचा धर्मकाटा. साठ टनी.
भरल्या गाडीचे ऐंशी, रिकामीचे चाळीस,
धौलपूरच्या फरशीवाल्यांना महिन्याची उधारी.

ड्रायव्हर मला मराठन दीदी म्हणतात
आणि वीस किलोंवरून अशा शिव्या देतात
ज्या आता मला
फोडणी करपली की आपोआप सुचतात.

बाबा म्हणायचे, आपण लष्करातले.
म्हणजे कुणा पणज्यानं तंबू ठोकला
आणि उपटायचा राहून गेला.

परवा दुपारी मारवाडाकडून आँधी आली.
चंबळ ओलांडली, नाक्यावर थांबली नाही,
रॉयल्टी नाही, पावती नाही.
गजकवाल्याची ताडपत्री विजेच्या तारेवर,
रघुवीर तोमर ट्रॉलीखाली.

काट्यावर कोणीच नव्हतं.
आकडे मात्र हलले:
वीस. साठ. एकशे चाळीस.

मी सवयीनं बटण दाबलं.
चिठ्ठी निघाली. गाडी नंबर कोरा, माल कोरा,
निव्वळ वजन एकशे चाळीस किलो.

शेठ म्हणाले, फाडून टाक, हिशेबाला घोळ.
मी ती पोळ्यांच्या डब्यात ठेवली,
का ते विचारू नका.

संध्याकाळी काटा झाडला.
वारा उतरून गेला होता, त्याचं वजनही.
उरली दोन घमेली वाळू, पिठासारखी,
गावाचं नाव नसलेली.
कुंपणापलीकडे भिरकावणार, तोच
रघुवीर ट्रॉलीवरून ओरडला,
फेकता काय दीदी,
इकडे ओता.