ओळख कोणाची

फॉर्मवर शेवटून दुसरा रकाना : ओळख कोणाची?
प्रणीलनं पेन थांबवून माझ्याकडे पाहिलं.
खंडाळ्याच्या बाजारात, झेरॉक्सच्या दुकानावरची खोली,
पंखा फक्त टेबलामागच्या माणसासाठी.
मी म्हटलं, लिही माझं नाव.

मी तिथे अकरा महिने काढलेत.
म्हणजे सात, मग ब्रेक, मग चार.
घरात सांगताना सलग अकरा.
त्या सलगपणावर विश्वास ठेवूनच
तो माझ्यामागून जिना चढला होता.

आईनं तोवर तवसाळभर करून टाकलं,
झील कंपनीत लागला.
पगार कंपनी देत नाही गं,
पावतीवर भलत्याच कुणाचं नाव असतं,
दोनदा समजावलं तिला.
तिनं कोळंबी सोलता सोलता विचारलं,
गेट कोणाचं?
गेट कंपनीचं.
मग झालं तर.

आबा ओट्यावर जाळं तुणत होते.
त्यांना तो बोटीवर हवा होता, हे ते बोलले नाहीत.
बोटीला गिऱ्हाईक येऊन गेलं, हेही नाही.
प्रणीलचे बूट आले तेव्हा मात्र
एक उचलून त्याचं नाक अंगठ्यानं दाबून पाहिलं,
आत लोखंड आहे ना खरंच.

आता तो पहिल्या फेरीबोटीनं जयगडला उतरतो,
पिवळं हेल्मेट पिशवीतून,
वास लागू नये म्हणून डब्यात मासे नाहीत.
दोनशे चाळीस दिवस भरायच्या आत
एका संध्याकाळी फोन येईल,
उद्यापासून थांब जरा, पुढच्या महिन्यात बघू.
हे मी त्याला सांगितलेलं नाही.
सांगायला जाते आणि जेवायला वाढते.

परवा रात्री आबांनी विचारलं,
तुमच्यात बंदी कधी असते गो?
केव्हाही, आबा.
ते बराच वेळ खाडीकडे बघत राहिले.
मग म्हणाले, आमची निदान तारीख ठरलेली.

एजन्सी नव्या माणसामागे ओळखीचे पाचशे देते.
ते मी घेतले.
त्यात पदरचे सातशे घातले आणि बूट आणले,
कारण बूट एजन्सी देत नाही.
एक नंबर मोठे आणले, आईनं सांगितलं म्हणून,
पाय वाढेल अजून त्याचा.

तो एकवीसचा आहे.
पुढे कापूस कोंबतो,
आणि चालताना दोन्ही बूट
त्याच्या किंचित मागून येतात.